‘बेबी’ लिहिलंय म्हणून घेऊ नका

बाळाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूवर ‘माइल्ड’, ‘नॅचरल’, ‘केमिकल-फ्री’ असं काहीबाही छापलेलं असतं आणि किंमत त्या हिशेबाने वाढलेली असते. यातला कुठलाच शब्द सुरक्षिततेचा दाखला नाही. उलट बाजूने, आजीच्या पेटाऱ्यातून निघालेली वस्तू ‘आमच्या चार पिढ्या यावरच वाढल्या’ एवढ्याने निर्धोक ठरत नाही. वस्तू नवी असो की जुनी, ती कशाची बनली आहे, केवढी आहे आणि बाळ तिचं काय करू शकतं, हे पाहायचं. सहा महिन्यांचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं, वर्षाचं ओढून उपटतं आणि दीड वर्षाचं झाकण उघडतं. वस्तू घेताना आजचं बाळ नव्हे, चार महिन्यांनंतरचं बाळ डोळ्यांसमोर आणावं.

खेळण्यांच्या बाबतीत कायद्याचा आधार आहे. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांची खेळणी आयएसआय चिन्हाशिवाय विकायला बंदी आहे. विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस 15644 हे मानक आहे, बाकीच्यांसाठी आयएस 9873. खऱ्या चिन्हावर वरच्या बाजूला हा मानक क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. नुसतं चिन्ह आहे आणि क्रमांक नाही, तर ते स्टिकर समजा. परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकला की उत्पादकाचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे.

जत्रेतल्या, सिग्नलवरच्या, लोकलमध्ये विकायला येणाऱ्या खेळण्यांवर चिन्ह सापडणार नाही. ती घ्यायचीच नाहीत म्हटलं तरी कोणी ना कोणी आणून देतंच. म्हणून घरात एक नळी करून ठेवावी. जुनी लग्नपत्रिका किंवा मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. 11 सेंटीमीटर लांब आणि 5.7 सेंटीमीटर रुंद पट्टी कापा. लांबीकडची दोन टोकं एकमेकांवर बरोबर 1 सेंटीमीटर चढवून चिकटवा. नळीचा घेर 10 सेंटीमीटर झाला, म्हणजे व्यास 3.2 सेंटीमीटरच्या आसपास. प्रयोगशाळेत तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला जे दंडगोल माप वापरतात त्याचा व्यास 31.7 मिलिमीटर असतो, म्हणजे आपली नळी जवळजवळ तीच. नळी टेबलावर उभी ठेवा आणि वस्तू आत टाका. न दाबता, कुठल्याही बाजूने ती पूर्ण आत मावली, तर ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही.

अख्खं खेळणंच नव्हे, त्याचे सुटणारे भागही टाकून पाहायचे. टेडीचा डोळा, गाडीचं चाक, शिट्टीचं बोंड. आधी प्रत्येक भाग चिमटीत धरून जोरात ओढा आणि पिळा. मोठ्या माणसाच्या ओढण्याने निघाला तर बाळाच्या चावण्यानेही आज ना उद्या निघणार. कापडी खेळण्याची शिवण दोन अंगठ्यांनी फाकवून बघा, आतला कापूस दिसला की ते बाद.

गोल वस्तूंचा नियम याहून कडक आहे, कारण चेंडू घशात बसला की चहूबाजूंनी बंद करतो, हवेला फट राहत नाही. त्यासाठी दुसरी नळी करा, पट्टी 15 सेंटीमीटरची, चढ तेवढाच. तिचा व्यास साधारण 4.45 सेंटीमीटर येतो. जो चेंडू यातून पार जातो तो तीन वर्षांखाली नको. टेबल टेनिसचा चेंडू 4 सेंटीमीटरचा असतो, तो सहज जातो. गोट्या आणि सागरगोटे तर पहिल्याच नळीत बुडतात. खोक्यावर ‘36 महिन्यांखालील मुलांसाठी नाही’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पुष्कळ पालक ‘आमचा हुशार आहे, त्याला जमेल’ असा घेतात. ती सूचना बुद्धीबद्दल नसते, घशाबद्दल असते.

वाढदिवसाचे फुगे या नळीत तपासता येत नाहीत आणि तरी ते फार वाईट. न फुगवलेला फुगा किंवा फुटलेल्या फुग्याचा तुकडा बाळाने ओढून घेतला की तो घशाला चिकटून बसतो आणि बोटाने काढायला जावं तर आणखी आत सरकतो. फुगा फुटला की तुकडे त्याच मिनिटाला गोळा करायचे.

बटण बॅटरीचा धोका वेगळ्या जातीचा आहे. रिमोट, गाणारं शुभेच्छापत्र, चमकणाऱ्या चपला, वजनकाटा यांत चपटी बटण बॅटरी असते, बऱ्याचदा 20 मिलिमीटरची लिथियमची. बाळाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर ओल्या पेशींतून वीज वाहते आणि बॅटरीच्या एका बाजूला तीव्र अल्कली तयार होते. दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. बॅटरी फुटावी लागत नाही, जुनी ‘संपलेली’ सुद्धा पुरते. म्हणून बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं असेल तरच ते खेळणं घ्यायचं. गिळल्याची नुसती शंका आली तरी एक्स-रे असलेल्या रुग्णालयात तडक जायचं. उलटी करवायची नाही, जेवणखाण द्यायचं नाही. मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळून 12 तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर 10 मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. त्याने भाजणं मंदावतं. पण मधासाठी थांबायचं नाही. चुंबकाचे मणीही असेच. एक गिळला तर बहुधा निघून जातो, दोन गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांमधून एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत छेदतात.

हाताने केलेल्या खेळण्यांना चिन्हाच्या सक्तीतून सूट आहे. विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंदवलेल्या कारागिरांनी स्वतः केलेली, विकलेली खेळणी चिन्हाशिवाय विकता येतात. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं, भातुकली, बैलगाड्या मिळतात, त्यांवर चिन्ह नाही म्हणून त्या वाईट ठरत नाहीत. पण तिथे तपासणी आपली आपण करायची. ओलं पांढरं फडकं रंगावर दहा-बारा वेळा जोराने घासा. रंग उतरला तर ते चावणाऱ्या बाळासाठी नाही, मांडणीत ठेवायला छान. रंग उतरला नाही म्हणजे त्यात शिसं नाही असं मात्र सिद्ध होत नाही. म्हणून दात येणाऱ्या बाळाला चावायला बिनरंगी लाकूड किंवा एकसंध सिलिकॉनचं खेळणं बरं.

आता पाळणा. झोपेची जागा सपाट आणि टणक हवी, रिकामी हवी, आणि बाळाला पाठीवर निजवायचं. गादीवर पंजा दाबून उचला, खड्डा राहिला तर गादी मऊ आहे. गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटं शिरता कामा नयेत. गजांमधलं अंतर पट्टी लावून मोजा, 6 सेंटीमीटरच्या वर नको, नाहीतर धड बाहेर सरकतं आणि डोकं अडकतं. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात. तिची गरज नाही. शिवण उसवली तर मोहरी नाकात जाण्याची भीती असते. त्याऐवजी दर झोपेला बाळाचं डोकं कधी डावीकडे, कधी उजवीकडे ठेवावं आणि जागेपणी नजरेसमोर पोटावर पालथं घालावं.

साडीची झोळी सोयीची खरी, पण तिच्यात बाळ कमानीसारखं वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि लहानग्याची श्वासनळी दबते. बाळ कुशीवर वळायला लागलं की झोळीची कड तोंडावर येते. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: झोळी रिकामी लोंबकळत राहते तेव्हा ती चार-पाच वर्षांच्या भावंडासाठी झोपाळा होते आणि गिरक्या घेताना पिळून गळ्याभोवती आवळते. वापर झाला की झोळी सोडून ठेवायची, वर गाठ मारून नव्हे. पाळण्यावरचं चिमणाळं बाळ हातांवर उठायला लागलं की काढायचं, साधारण पाचव्या महिन्यात. गळ्यातला काळा दोरा, दृष्टमणी झोपवताना उतरवावेत. वाळ्यांचे घुंगरू दर आठवड्याला ओढून पाहावेत. ते पहिल्या नळीत हमखास मावतात.

दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ओढून घट्ट बांधण्याची पद्धत खुब्याच्या सांध्याला वाईट. हात गुंडाळले तरी मांड्या फाकलेल्या आणि गुडघे वाकलेले राहतील एवढी खाली मोकळीक हवी. बाळ कुशीवर वळू पाहतंय असं दिसलं की गुंडाळणं बंद.

कपड्यांत मुलायमपणा सगळे पाहतात, आतली बाजू कोणी पाहत नाही. झबलं, मोजे, हातमोजे उलटे करा आणि शिवणीतून लोंबणारे धागे मुळाशी कापा. मोज्यातला सुटा धागा किंवा आईचा गळलेला केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळतो, ओला होऊन वाळला की आवळतो आणि बोटाचं रक्त अडवतो. बाळंतपणानंतर काही महिने आईचे केस जास्त गळतात, तेव्हा हे विशेष होतं. बाळ कशानेच गप्प होत नसेल तर मोजे काढून प्रत्येक बोट पाहावं. नवा कपडा धुऊनच घालावा, त्यावर खळ आणि रंगाचा अंश असतो. मुंबई-कोकणात घरात टोपडं घालून निजवायचं कारण नाही, बाळ डोक्यावाटे उष्णता सोडतं. ऊब हातापायांवरून नाही, मानेच्या मागे बोट लावून बघायची. तिथे घाम आला असेल तर एक कपडा कमी करा, घामोळं आपोआप कमी होतं.

जुन्या कपड्यांबद्दल जास्त सांगायला हवं. थोरल्याचे झबली-टोपडी, बारशाची कुंची, आजीने जपलेली गोधडी हे सगळं ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवलेलं असतं. त्यातल्या बऱ्याच गोळ्या नॅफ्थलीनच्या असतात. नॅफ्थलीनची वाफ कापडात मुरते, श्वासातून आणि कातडीतून बाळाच्या रक्तात जाते. काही बाळांच्या रक्तपेशींत जी6पीडी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मजात कमी असतं आणि भारतात अशी बाळं दुर्मीळ नाहीत. त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात, कावीळ झपाट्याने चढते आणि नवजात बाळात ती मेंदूपर्यंत पोचू शकते. त्यात आपल्याकडे तेल लावून, मालिश करून, मग त्याच दुपट्यात गुंडाळतात. नॅफ्थलीन तेलात विरघळतं, त्यामुळे तेलकट कातडीतून ते जास्त शिरतं. म्हणजे बाळाला सगळ्यांत मायेने वापरलेली वस्तूच घात करते. उपाय सोपा आहे. बाळाचे कपडे ठेवताना गोळ्या टाकायच्याच नाहीत, कपडे पूर्ण वाळवून हवाबंद पिशवीत ठेवावेत किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून टाकावा. गोळ्यांतले कपडे आधीच हाती आले असतील तर काही दिवस उन्हात-वाऱ्यावर टाकून, धुऊन, पुन्हा उन्हात घालावेत. नाकाशी धरल्यावर जराही वास आला तर ते बाळाला नकोत. कापूर वेगळा पदार्थ, पण त्याच्या वड्याही देवघरात बाळाच्या हाताच्या उंचीवर नकोत, थोडा गिळला तरी झटके येतात. कापूर असलेला बाम दोन वर्षांखाली लावू नये.

डायपर आणि लंगोट यांच्या वादात पडण्यात अर्थ नाही, दोन्ही चांगले आणि दोन्ही वाईट वापरता येतात. पुरळ येतं ते मुख्यतः ओल, घर्षण आणि शी-शूच्या मिसळण्याने. शीमधले जंतू शूमधल्या युरियाचं अमोनियात रूपांतर करतात, कातडीची आम्लता जाते आणि शीमधली पाचक विकरं कातडीवर काम करायला लागतात. म्हणून शी झाल्यावर लगेच बदलणं हे बाकी सगळ्या क्रीमपेक्षा मोठं. शू असेल तर तीन-चार तासांनी बदलावं, पाकिटावर ‘12 तास कोरडं’ असलं तरी. ते बारा तास शोषणाच्या ताकदीचे आहेत, कातडीच्या नव्हे. माप किलोवर घ्यावं, महिन्यांवर नाही. कमरेशी दोन बोटं सहज जावीत, मांड्यांची झालर बाहेर काढलेली असावी. मांडीवर लाल वळ उठत असतील तर मोठं माप घ्या. कापडी लंगोट धुताना साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळवा आणि कपडे मऊ करणारं द्रावण घालू नका, त्याने धाग्यावर थर बसतो आणि कापड शोषत नाही. लंगोटावर प्लॅस्टिकची चड्डी घातली की कापडाचा सगळा फायदा गेला. लाली आली तर झिंक ऑक्साइडचा जाड थर द्यावा. घड्यांमध्ये लाल भडक आणि आजूबाजूला सुटे लाल ठिपके असतील तर ती बुरशी असते, तिला झिंक पुरत नाही, डॉक्टरांना दाखवा.

पावडर लागत नाही. सुवासिक असो की वेखंडाची, तिचे बारीक कण फुफ्फुसात जातात, आणि घामाने जांघेत तिच्या गुठळ्या होऊन घासतात. काजळही नको. बाजारातल्या काही काजळांत आणि सुरम्यात शिसं सापडलं आहे, आणि शिशाचं ‘एवढं चालेल’ असं प्रमाणच नाही. तीट लावायचीच असेल तर तळपायाला नव्हे, पाय तोंडात जातात, कानामागे लावावी. मालिशला खोबरेल उत्तम, पण नाकात आणि कानात तेल सोडू नये. नाकातलं तेल श्वासनळीत उतरतं आणि खोकल्याने निघत नाही.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं धुवायला सोपं, आणि जे नीट धुता येतं ते सुरक्षित. बाटली घ्यायचीच तर आयएस 14625 चं चिन्ह पाहून घ्या. रुंद तोंडाची, सरळ भिंतीची, आकड्यांच्या खुणा न पुसणारी असावी. तळाला पुनर्वापराचा 5 हा आकडा म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ते उकळायला चालतं. 7 या आकड्यात बरीच प्लॅस्टिकं येतात, पॉलिकार्बोनेटही, म्हणून टाळा. वापरल्यावर ब्रशने घासून, सुटे भाग वेगळे करून, पाण्यात पूर्ण बुडवून 10 मिनिटं उकळा. आत हवेचा बुडबुडा राहिला तर तो भाग उकळलाच नाही. बाटली उलटी धरली की दूध थेंबाथेंबाने पडावं. धार लागली तर निपल फाटलंय, बदला.

भांड्याच्या धातूबद्दल पुण्यात जे घडलं ते प्रत्येक पालकाला माहीत असायला हवं. भारतातल्या लहान मुलांना यकृताचा एक जीवघेणा विकार होत असे, वैद्यकीय पुस्तकांत त्याला देशाचंच नाव मिळालं होतं, ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’. पोट फुगायचं, यकृत दगडासारखं लागायचं, मुलं बहुधा दगावायची. 1980 च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनमधले डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांना काय आणि कशातून पाजलं जातं याचा माग काढला. आजारी मुलांच्या घरी वरचं दूध लवकर सुरू झालेलं आणि ते पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं आढळलं. पितळेत निम्म्याहून जास्त तांबं असतं. दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं, आणि नवजात बाळाच्या यकृतात तांब्याचा साठा मुळातच जास्त असतो, तो बाहेर टाकण्याची यंत्रणा कच्ची. भांडी बदलण्याचा सल्ला घरोघरी पोचला, स्टील स्वस्त झालं आणि हा विकार जवळजवळ दिसेनासा झाला.

हल्ली तांब्या-पितळेची भांडी ‘आरोग्यासाठी’ म्हणून परत आली आहेत, त्यामुळे ही गोष्ट पुन्हा सांगावी लागते. दोन वर्षांखालच्या बाळाचं दूध, पेज, ताक, लिंबू घातलेलं काहीही तांब्या-पितळेत ठेवू नये. कल्हई आहे म्हणून निर्धास्त होऊ नये, कल्हई झिजते आणि कथिलात शिसं मिसळलेलं आहे की नाही ते डोळ्यांनी कळत नाही. साधं स्टील घ्या. चांदीची वाटीही चालते.

बाळ चालू लागावं म्हणून पांगुळगाडा आणि बसायचं वॉकर या दोन वस्तू घेतल्या जातात, त्यांत मोठा फरक आहे. लाकडी पांगुळगाडा उभं राहिलेलं बाळ धरून ढकलतं, तोल त्याने स्वतः सांभाळायचा असतो. बसायच्या वॉकरमध्ये बाळ लोंबकळत पायाच्या बोटांनी ढकलतं, सेकंदाला मीटरभराहून जास्त वेगाने जातं आणि जिन्यापर्यंत, गॅसपर्यंत पोचतं. हाक मारेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याने चालणं लवकर येत नाही, उलट लांबू शकतं. कॅनडाने 2004 साली अशा वॉकरची विक्रीच बंद केली. आपल्याकडे तो अजून भेट म्हणून येतो. पांगुळगाडा घ्यायचा तर जड बुडाचा घ्या, हलका गाडा पुढे पळतो आणि बाळ तोंडावर आपटतं.

स्कूटरवर बाळाला पुढे उभं करणं किंवा ओढणीने बांधणं हा उपाय नाही. 15 फेब्रुवारी 2023 पासून 4 वर्षांखालच्या मुलासाठी त्याला चालकाशी बांधणारा हार्नेस आणि 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलासाठी मापाचं हेल्मेट लागू झालं आहे, आणि अशा वेळी वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत ठेवायचा. हार्नेस 30 किलो वजन पेलणारा हवा. घेताना मुलाला बसवून, पट्टे आवळून, दोन्ही खांदे धरून वर ओढून पाहा. मूल पट्ट्यांतून वर सरकलं तर माप मोठं आहे. हेल्मेट डोक्यावर नुसतं ठेवून डोकं हलवायला सांगा, ते गरकन फिरलं तर घेऊ नका. हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट जावं.